एका पूर्वकथेचे दोन चित्रपट

भयपटांचा विचार साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकाने का करावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमचे उत्तर साधे आहे. गेल्या पन्नास वर्षांत नावाजलेल्या कितीतरी भयपटांनी आपले भांडवल ख्रिस्तसभेच्या घरातून उचलले आहे. क्रूस, पवित्र पाणी, लॅटिन प्रार्थना, धर्मगुरूचा काळा झगा, धर्मभगिनीचे शिरोवस्त्र या सर्वांचा तेथे व्यापार होतो. तेव्हा त्या व्यापाराचा हिशेब एकदा आपणही तपासून पाहावा.

या हिशेबाचे सर्वांत बोलके उदाहरण 'दि एक्झॉर्सिस्ट'च्या पूर्वकथेचे आहे. मूळ चित्रपट १९७३ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. येशूसंघीयांच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकलेले कॅथलिक लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. सैतानाने पछाडलेली एक मुलगी आणि तिच्यासाठी प्राण वेचणारे दोन धर्मगुरू, अशी ती कथा. पुनःप्रदर्शने धरून या चित्रपटाने जगभरात सुमारे ४४ कोटी डॉलर मिळवले. असे पीक एकदा आले की त्याच शेतात पुन्हा नांगर घालण्याचा मोह होतोच. मूळ कथेतील वृद्ध फादर मेरिन यांची सैतानाशी पहिली गाठ आफ्रिकेत कशी पडली, हे सांगणारा चित्रपट काढण्याचे ठरले. मूळ कथेच्या आधीचे मागाहून सांगणाऱ्या अशा चित्रपटाला 'प्रीक्वेल' म्हणतात. आम्ही त्यास पूर्वकथा म्हणू.

प्रथम योजलेले दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर आजारपणामुळे बाजूला झाले आणि २००२ साली निवर्तले. मग हे काम पॉल श्रेडर यांच्याकडे आले. श्रेडर कर्मठ कॅल्विनपंथी घरात वाढलेले. पाप आणि अपराधीपणा हे त्यांच्या चिंतनाचे नित्याचे विषय. त्यांच्या चित्रपटाचा आरंभ महायुद्धकाळातील हॉलंडमध्ये होतो. एका जर्मन सैनिकाचा खून झालेला असतो. नाझी अधिकारी मेरिन यांना फर्मावतो की, गोळ्या घालण्यासाठी दहा गावकरी तुम्हीच निवडा, नाहीतर सारे गाव मरेल. मेरिन यांना निवड करावी लागते. त्या दिवशी त्यांची श्रद्धा मोडते आणि ते धर्मगुरूपद सोडून उत्खननाच्या कामात स्वतःला गाडून घेतात. सैतान त्यांना भेटतो तो यानंतर.

हा चित्रपट निर्मात्यांच्या पसंतीस उतरला नाही. त्यात रक्तपात कमी, दचकवणारे प्रसंग कमी, विचार मात्र फार, असे त्यांचे मत पडले. त्यांनी रेनी हार्लिन या दुसऱ्या दिग्दर्शकास नेमून जवळजवळ सगळे चित्रीकरण नव्याने करवून घेतले. मेरिन यांच्या भूमिकेत नट तेच, स्टेलन स्कार्सगार्ड; भोवतीची कथा मात्र पालटली. हॉलंडमधील तो प्रसंग आठवणींच्या तुकड्यांत विखुरला गेला आणि मोकळ्या जागेत रक्त व किंचाळ्या भरण्यात आल्या.

'एक्झॉर्सिस्ट : दि बिगिनिंग' या नावाने हा दुसरा अवतार ऑगस्ट २००४ मध्ये आला. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत त्याने सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर मिळवून पहिला क्रमांक पटकावला. पण तेथील एकूण मिळकत ४ कोटी १८ लाखांच्या आसपास थांबली. म्हणजे शंभरातील त्रेचाळीस रुपये पहिल्या तीन दिवसांतच आले! नावाच्या पुण्याईवर लोक आले, आणि पाहून गेलेल्यांनी इतरांना पाठवले नाही, असाच याचा अर्थ. जगभरची मिळकत ७ कोटी ८० लाख. खर्च ८ कोटींच्या घरात सांगितला जातो. त्यातही तिकीटबारीवरच्या रकमेतील साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे जातो, हे ध्यानी घेतले म्हणजे तोट्याची कल्पना येईल.

त्यानंतर श्रेडर यांचा बाजूला पडलेला चित्रपट 'डोमिनियन' या नावाने मे २००५ मध्ये अवघ्या ११० चित्रपटगृहांत लागला. 'स्टार वॉर्स'मधील एक पूर्वकथाही त्याच आठवड्यात हजारो पडद्यांवर झळकत होती. 'डोमिनियन'ची मिळकत कशीबशी अडीच लाख डॉलर झाली. मूळ लेखक ब्लॅटी यांनी मात्र हार्लिन यांच्या चित्रपटाचा धिक्कार केला आणि श्रेडर यांच्या चित्रपटाची स्तुती केली.

रक्तपाताला प्रेक्षकांनी नाकारले, असा निष्कर्ष येथे काढावासा वाटतो. तो मोह आवरावा लागतो. 'दि कॉन्ज्युरिंग' मालिकेची पूर्वकथा म्हणून २०१८ साली आलेल्या 'दि नन'ने सव्वादोन कोटींहून कमी खर्चात साडेछत्तीस कोटी डॉलर जमवले. त्यातील धर्मभगिनीच्या वेशातले भूत अंधारातून पुढे येते आणि प्रेक्षक दचकतो, यापलीकडे त्या चित्रपटात आम्हांस फारसे काही आढळले नाही. उलट २०२४ साली समीक्षकांनी वाखाणलेल्या 'दि फर्स्ट ओमेन'ला ३ कोटी खर्चून साडेपाच कोटींच्या आतच थांबावे लागले. सारांश, गल्ला हा न्यायाधीश नव्हे. किती लोक दाराशी आले, एवढेच तो सांगतो. ते काय घेऊन परतले, हे त्याला ठाऊक नसते.

'डोमिनियन' निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याची गती संथ आहे आणि त्यातील चमत्कारांचे चित्रण अगदीच कच्चे आहे. पण पूर्वकथेने विचारायचा खरा प्रश्न त्याने विचारला आहे: दुष्टाईचा उगम कोठे? हार्लिन यांच्या चित्रपटात ती प्रामुख्याने जमिनीखालून उकरून निघते; साहजिकच माणूस सुटतो. श्रेडर यांच्या चित्रपटात ती आधी माणसाच्या हातून घडते आणि सैतान तयार जागेत येऊन बसतो. ख्रिस्ती शिकवणुकीला हेच अधिक जवळचे आहे. पापनिवेदनासाठी आपण स्वतःचे अपराध घेऊन जातो, शेजाऱ्याने केलेली करणी सांगायला नव्हे.

बीड जिल्ह्यातील वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. मेरिन यांच्यापुढे बंदूक होती, तरी निवडीचा सल त्यांना सोडत नाही. आपल्या जिल्ह्यात बंदुकीवाचूनच निवड झाली. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या, राज्यात सर्वांत कमी. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ सालीच झाला होता. २०१२ मध्ये परळीचे प्रकरण उघडकीस आले आणि त्याची चर्चा राज्यभर झाली.

याच पापावर मराठीत एक भयपट आहे: विशाल फुरिया यांचा 'लपाछपी', २०१७ सालचा. उसाच्या फडात लपलेले घर, आश्रयाला आलेली गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि तिची देखभाल करणारी तुळसाबाई (उषा नाईक). तेथील भुते कोणा परक्या सैतानाने पाठवलेली नाहीत. मुली नकोशा झालेल्या घरानेच ती जन्मास घातली आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या या जिल्ह्याला तो फड ओळखण्यास वेळ लागणार नाही. २०२१ साली 'छोरी' हे त्याचे हिंदी रूप थेट घरच्या पडद्यावर आले. त्याला तिकीटबारीच नव्हती. म्हणजे गल्ल्याच्या मापाने त्याची किंमत शून्य!

आमची सूचना एवढीच. धर्मग्रामातील प्रौढ युवकांनी 'डोमिनियन' आणि 'लपाछपी' हे दोन्ही चित्रपट एकत्र बसून पाहावेत आणि नंतर तासभर बोलावे. मुलांना मात्र यांपासून दूर ठेवावे. आणि बोलणे भुतांवरून घरांकडे वळले, तर ते थांबवू नये.