जिवाणू खरंच ई-कचरा खातात का?

‘जिवाणू ई-कचरा खाऊन मौल्यवान धातू देणार!’ असा मथळा तुम्हीही कधीतरी वाचला असेल. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतेय म्हटल्यावर घरचे, मित्रमैत्रिणी सगळे मला अशा बातम्या पाठवतात. बातमी खोटी नसते, पण तिच्यात दोन प्रश्न बहुतेक वेळा गाळलेले असतात.

मुळात ग्लुकोनोबॅक्टर ऑक्सिडन्स हा जिवाणू धातू खातच नाही. तो ग्लुकोज वापरतो आणि ग्लुकोनिक आम्ल बाहेर सोडतो. या आम्लद्रवात लँथॅनम, इट्रियमसारखे दुर्मिळ मृदा धातू विरघळतात. यालाच बायोलीचिंग म्हणतात.

आता पहिला प्रश्न: धातू काढले कशातून? अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरी आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा शोधनिबंध बघा. तेल रिफायनरीतल्या वापरून झालेल्या उत्प्रेरकातून ४९ टक्के दुर्मिळ मृदा धातू निघाले. फ्लुरोसंट दिव्यांच्या आतल्या पांढऱ्या भुकटीतून मात्र फक्त २ टक्के! गंमत बघा, यातला दिवा हा ई-कचरा, उत्प्रेरक नव्हे. भुकटीतले काही धातू फॉस्फेटच्या रूपात असतात आणि ते सौम्य आम्लाला सहज दाद देत नाहीत. म्हणजे ‘जिवाणूंनी निम्मे धातू काढले’ एवढंच सांगितलं, तर तुमच्या घरातल्या ट्यूबलाइटबद्दल काहीच कळत नाही.

दुसरा प्रश्न: जिवाणूंच्या जेवणाचा खर्च कोणाचा? २०१८ मध्ये याच उत्प्रेरकाच्या प्रक्रियेचा हिशेब मांडला गेला, तेव्हा ४४ टक्के खर्च एकट्या ग्लुकोजचा निघाला. पुढे मक्याच्या धाटांपासून साखर मिळवून बघितली गेली, ती याचसाठी. फ्लास्कमध्ये चमचाभर ग्लुकोज टाकताना मलाही हा हिशेब आठवत नाही, हे कबूल करते.

मग हे संशोधन निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. २०१६ च्या त्याच कामात जिवाणूंचा द्रव नुसत्या ग्लुकोनिक आम्लापेक्षा सरस ठरला होता. म्हणजे त्यात आणखी काहीतरी आहे, आणि ते शोधण्यासारखं आहे. माझी तक्रार विज्ञानाबद्दल नाही, २ टक्के लपवणाऱ्या मथळ्याबद्दल आहे. कारण पुढचं खरं काम त्या २ टक्क्यांवरच व्हायचंय.

तेव्हा पुढच्या वेळी असा फॉरवर्ड आला की एवढंच विचारा: कशातून, आणि कितीला?