मोटारपेढीचा सचित्र इतिहास : कुलवृत्तांत की साधनग्रंथ ?

कुलवृत्तांत, स्मरणिका व गौरवग्रंथ यांची परंपरा मराठीस नवी नाही. पिढ्यान्पिढ्या मोटारविक्री करणाऱ्या एखाद्या स्थानिक घराण्याने आपल्या पेढीचा सचित्र इतिहास स्वखर्चाने छापून आप्तेष्टांत व ग्राहकांत वाटावा, हा त्याच परंपरेचा एक विस्तार होय. असे ग्रंथ बाजारात येत नाहीत. त्यांचे परीक्षणही सहसा होत नाही. त्यामुळे ते कोणत्या कसोटीवर पारखावेत, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

ही कसोटी आपल्याकडे उपलब्ध आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध करून वि. का. राजवाडे यांनी मूळ कागदच वाचकांपुढे ठेवले. असे कागद त्यांनी घरोघरीची दप्तरे धुंडाळून मिळविले होते. संस्थापक किती उद्यमशील होता, हे कुलवृत्तांत सांगतो. पेढी कशावर चालली, हे दप्तर सांगते. सचित्र इतिहासाचे मोल या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरावे.

प्रथम चित्रांचा विचार करू. या ग्रंथप्रकारात छायाचित्र बहुधा अलंकार म्हणून येते : उद्घाटनाचा हार, पाहुण्यांची रांग, नव्या गाडीपुढे उभे असलेले कुटुंब. वस्तुतः तेच चित्र पुरावाही असते. दुकानावरील पाटी कोणत्या कारखान्याची, पाटीची भाषा कोणती, मागे पेट्रोलचा पंप आहे की कार्यशाळा, यांवरून व्यवसायाचे स्वरूप उमगते. चित्रात अँबॅसडर दिसत असेल, तर ते १९५७ पूर्वीचे नव्हे, एवढा कालनिर्णय तरी निश्चित होतो. ‘जुनी आठवण’ एवढ्याच मथळ्याने छापलेले चित्र हा पुरावा वाया घालविते. स्थळ, काळ आणि चित्रातील व्यक्तींची नावे ज्याखाली दिली आहेत, असे एक चित्र तशा दहा चित्रांहून अधिक मोलाचे होय.

खरी परीक्षा मात्र मधल्या कालखंडाची आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. पुढे, ज्यांच्याजवळ उत्पादनाचा कार्यक्रम आहे अशाच कंपन्यांना वाव द्यावयाचा, असे धोरण शासनाने १९५३ साली स्वीकारले आणि ही कंपनी येथून गेली. त्यानंतर दीर्घकाळ ग्राहकापुढे मुख्यतः कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेच पर्याय उरले. १९५९ पासून वाटप व विक्री यांवर शासकीय नियंत्रणही आले. १९८३ च्या अखेरीस मारुतीची पहिली गाडी बाहेर पडेपर्यंत विक्रेत्याचे मुख्य काम गाडी खपविणे हे राहिलेच नव्हते. ते रांग सांभाळण्याचे झाले होते. गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबणाऱ्यांची नावे ज्या वहीत असत, ती नोंदणीवही हाच या काळातील पेढीचा सर्वांत बोलका दस्तऐवज होय. कोणास गाडी केव्हा मिळाली, रांग कोणासाठी वाकली, हे त्या वहीवरून कळू शकते. या तीस वर्षांना ‘ग्राहकांचा अढळ विश्वास’ अशा एका वाक्यात गुंडाळणारा ग्रंथ इतिहासाच्या ऐन गाभ्यालाच वळसा घालतो. ग्राहकास दुसरीकडे जाण्याची सोय नसता त्याच्या निष्ठेचा गौरव करणे, हे तर्कास धरून नाही.

कुटुंबकेंद्री मांडणीचा आणखी एक दोष असा की, तीत कार्यशाळेतील मेकॅनिक, हिशेबनीस आणि चालक यांना स्थान उरत नाही. सुट्या भागांच्या टंचाईच्या काळात पेढीची पत ज्यांच्या हातांवर टिकली, ते समूहचित्राच्या मागील ओळीत निनावी उभे असतात.

स्वयंप्रकाशनात संपादकाचा अंकुश नसतो, हे खरे. पण प्रकाशकाची जबाबदारी टळत नाही. १९५४ च्या केंद्रीय कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने ग्रंथाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालये यांना स्वखर्चाने पाठविणे बंधनकारक आहे. त्यांपैकी एक मुंबईत आहे. केवळ घरच्या समारंभात वाटलेला ग्रंथ अभ्यासकाच्या हाती लागण्याची शाश्वती नाही. ग्रंथ छापून झाल्यावर वह्या, पत्रे व मूळ छायाचित्रे रद्दीत गेली, तर हानी अधिकच मोठी. कारण मग ग्रंथातील विधाने पडताळण्याचा मार्गच खुंटतो. दप्तर एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करून, निवडक पाने परिशिष्टात छापणारे घराणे आपल्या पूर्वजांचा गौरव अधिक टिकाऊ रीतीने करील. अशा ग्रंथाची भाषा साधी असली, छपाई बेताची असली, तरी अभ्यासक त्याचे ऋणी राहतील.