डीएनए-प्रवर्धनातील अनिष्ट फलिते : ‘डायनोसॉरच्या डीएनए’ची चिकित्सा

पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेत, म्हणजेच पीसीआरमध्ये, अनिष्ट फलित मिळाल्यास प्राइमर जुळण्याचे तापमान वाढवावे, मॅग्नेशियमचे प्रमाण घटवावे, असे उपाय प्रात्यक्षिक-पुस्तिका सुचवितात. जेलवर अनेक पट्टे किंवा पसरट डाग दिसत असल्यास ते योग्यच होत. परंतु अपेक्षित लांबीचा एकच स्वच्छ पट्टा मिळाला आणि तोच अनिष्ट असला, तर? या प्रश्नाला अशा पुस्तिकांत फारसे स्थान नसते.

१९९४ साली स्कॉट वुडवर्ड व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतील युटा राज्यातल्या कोळशाच्या खाणीत सापडलेल्या, सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीच्या आणि संभवतः डायनोसॉरच्या हाडांच्या तुकड्यांतून सायटोक्रोम बी या मायटोकॉन्ड्रियातील जनुकाचा अंश प्रवर्धित केल्याचे त्यात नमूद होते. मिळालेले क्रम कोणत्याही ज्ञात सजीवाच्या क्रमाशी तंतोतंत जुळत नव्हते. हे वेगळेपणच प्राचीनतेचे गमक मानले गेले. शोधनिबंधाची खरी उणीव ती हीच. डायनोसॉरचे नाते पक्षी व मगरींशी. हे क्रम मात्र सस्तन प्राण्यांच्या जवळ जाणारे होते. १९९५ मध्ये टीकाकारांनी नेमके यावर बोट ठेवले. त्याच वर्षी हान्स झिश्लर, स्वांते पाबो आदींनी मानवी केंद्रकातील डीएनएपासून तशाच स्वरूपाचे क्रम मिळवून दाखविले. मायटोकॉन्ड्रियातील जनुकांच्या प्रती उत्क्रांतीच्या ओघात केंद्रकात शिरतात व तेथे निष्क्रिय राहून स्वतंत्रपणे बदलत जातात. त्यामुळे मानवी असूनही ते क्रम मानवी मायटोकॉन्ड्रियाच्या क्रमाशी जुळले नाहीत.

येथे तापमान वाढवून काय साधले असते? दूषित करणाऱ्या डीएनएशी प्राइमर चांगला जुळत असेल, तर काटेकोर तापमानातही तो प्रवर्धित होणारच. ३० आवर्तनांत एका रेणूच्या, तात्त्विकदृष्ट्या, १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. शिवाय अल्प दूषितता काही नळ्यांतच प्रकट होते. म्हणून नमुनाविरहित एकच नळी कोरी निघाली, एवढ्याने निर्दोषत्व सिद्ध होत नाही. डीएनए वेगळा करण्याच्या टप्प्यापासूनच अशा अनेक नियंत्रण-नळ्या ठेवणे, मिळालेल्या क्रमाचे नातेसंबंध तपासणे आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत प्रयोगाची पुनरावृत्ती करणे आवश्यक ठरते. प्रवर्धनापूर्वीच्या व नंतरच्या कामांसाठी स्वतंत्र खोल्या महाविद्यालयांना क्वचितच परवडतात, हे मान्य. तीन-चार जादा नळ्या मात्र प्रत्येक प्रात्यक्षिकात सहज ठेवता येतील.