‘काही लोक म्हणतात’ : ते लोक कोण?

अमेरिकेत हायस्कूल केलं असेल, तर हा निबंध तुम्हीही लिहिला असणार. पहिल्या परिच्छेदात दावा, मग तीन मुद्दे, शेवटी समारोप. वरच्या इयत्तेत त्यात आणखी एक परिच्छेद येतो : विरोधी मुद्दा. ‘काही लोक म्हणतात की वर्गात फोन हवा. पण ते चूक आहेत, कारण...’ दोन ओळींत विरोधक येतो, दोन ओळींत गारद होतो आणि रूब्रिकमधल्या त्या चौकटीत टिक पडते.

आता मी विद्यापीठात पहिल्या वर्षाचे निबंध तपासते, आणि हे ‘काही लोक’ मला रोज भेटतात. त्यांना नाव नसतं, गाव नसतं आणि अक्कल तर मुळीच नसते.

दोष मुलांचा नाही. २०१० च्या कॉमन कोअरमध्ये नववी-दहावीसाठी अपेक्षा चांगली लिहिली आहे : आपला दावा आणि विरोधी दावा दोन्ही न्यायाने मांडा, दोन्हींची बलस्थानं आणि मर्यादा दाखवा. पण ‘न्यायाने’ मांडलं की नाही, हे मोजणं अवघड. परिच्छेद आहे की नाही, हे मोजणं सोपं. मग शिकवलंही तेच जातं.

यावर अनेक वर्गांत दिलं जाणारं औषध म्हणजे जेराल्ड ग्रॅफ आणि कॅथी बर्केनस्टाईन यांचं २००६ सालचं ‘दे से / आय से’. मला हे पुस्तक आवडतं. वाद हवेत सुरू होत नाही, आधी कुणीतरी काहीतरी म्हटलेलं असतं, हे त्यात सोप्या भाषेत सांगितलंय. रिकाम्या जागांचे साचे दिलेत, ते घाबरलेल्या मुलाला हात देतात. समोरच्याचं म्हणणं सांगताना काही काळ त्याच्या जागी उभं राहा, हेही लेखक बजावतात. माझी तक्रार एवढीच, की वर्गात साचा पोचतो आणि सूचना पुस्तकातच राहते. रिकामी जागा भरायला विरोधकाला वाचलेलं असावंच लागतं असं नाही.

मग हे नीट केलेलं कुठे बघायचं? एक उदाहरण आपल्या घरचंच आहे, आणि कोलंबियात शिकलेल्या माणसाचं आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना १९३६ च्या परिषदेचं अध्यक्षपद दिलं, पण छापील भाषण वाचल्यावर त्यातल्या मजकुराला हरकत घेतली. भाषण झालंच नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः प्रसिद्ध केलं : ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यात जातीच्या समर्थकांचा एक मुद्दा येतो, की जात म्हणजे फक्त श्रमविभागणी. ते आधी मान्य करतात की सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागतेच. आणि मग दाखवतात की जात श्रमांची नाही, श्रमिकांचीच विभागणी करते, तीही एकावर एक उतरंड रचून. समोरच्याचा मुद्दा घट्ट धरला, म्हणूनच घाव नेमका बसला.

पुढे गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे ते लेखच छापले, आणि सोबत स्वतःचं उत्तर. ‘काही लोक म्हणतात’ नाही. कोण म्हणतं, काय म्हणतं, हे वाचा आणि तुम्हीच ठरवा. आपल्या बाजूवर एवढा भरवसा आणि वाचकावर एवढा विश्वास कुठल्या रूब्रिकमध्ये बसेल?

आता जरा घरात या. दोन वर्षांपूर्वी फोनवर बाबांशी आरक्षणावरून माझं वाजलं. मी म्हटलं, ‘तुमचं म्हणणं मला पाठ आहे.’ ते म्हणाले, ‘सांग बरं.’ मी सांगितलं. पलीकडे शांतता. मग, ‘हे मी कधी म्हटलं गं?’ त्यांचा प्रश्न आरक्षण नको हा नव्हताच. गावातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मुलाने काय करायचं, हा होता. माझं मत बदललं नाही. पण उत्तर बदलावं लागलं, कारण तोवर मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होते. तेही इंग्रजीत शिकलेल्या वादाचं मराठी भाषांतर करून.

म्हणून शिक्षक असाल किंवा धाकट्या भावंडाचा निबंध तपासत असाल, तर एकच गोष्ट करून बघा. विरोधी मुद्द्याचा परिच्छेद तसं खरंच मानणाऱ्या माणसाला वाचून दाखवायला सांगा. तो ‘हो, हेच म्हणायचंय मला’ म्हणाला, की मगच पुढची ओळ लिहायची. एका तासिकेत होणार नाही, कबूल. पण माणसाला पटवायचं असेल, तर तो काय म्हणतोय हे आधी त्यालाच विचारायला नको का?