कातिबानंतरचे उर्दू

उर्दू छपाईतल्या बदलावरचे लेख बहुधा कातिबाच्या कलमापाशी थांबतात. हा शोक मला अपुरा वाटतो. १९८१ साली नूरी नस्तालीक आले, पुढे १९९४ मध्ये इनपेज. कातिबांची रोजी गेली, हे खरेच. पण लिपी शाबूत राहिली. आज आजोबा उर्दू दैनिक वाचतात आणि नातू तीच जबान मोबाइलवर रोमनमध्ये लिहितो. तिथे सीन, स्वाद, से तिघांना एकच 'एस'. सीनचे 'सदा' म्हणजे नेहमी, स्वादचे 'सदा' म्हणजे हाक. फरक फळ्यावरच दाखवावा लागतो. (देवनागरीतही तो दिसत नाही, हे आपण मराठी लिहिणाऱ्यांनी कबूल करावे.) उर्दू कीबोर्ड त्याच मोबाइलमध्ये असतो, पण शाळेत गुण मिळतात ते वहीतल्या इम्लाला.