माळवद आणि त्याचे टीकाकार

मराठवाड्यातील ग्रामीण घरबांधणीविषयी १९९३ नंतर जे लेखन झाले, त्यात माळवदाच्या घराचा उल्लेख बहुधा आरोपीच्या नात्याने येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. त्यावरून ‘जड छप्पर, म्हणून मृत्यू’ असे सूत्र रूढ झाले. सूत्र खोटे नाही. अपुरे मात्र आहे.

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी, तेर या बाजूचे जुने माळवद पाहिले असता त्याची रचना सहज ध्यानी येते. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी व धुरासाठी छतास साणे ठेवलेले असते. उन्हाळ्यात हे घर जो गारवा देते, तो पत्र्याखाली राहणाऱ्यास स्वप्नवत वाटावा. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, खणांची चौकट पुरी असेल तेथे छताचा भार मुख्यतः खांब वाहतात. भिंत ही आडोसा होय. भूकंपात भिंती कोसळूनही लाकडी सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आढळली, ती यामुळेच.

मग घात केला कोणी? प्रथम भिंतीने. काळ्या दगडाचे आतले व बाहेरचे असे दोन थर, मध्ये चिपा व माती यांची भर, आणि दोन्ही थरांना जखडणारा आरपार दगड नाही. अशी भिंत हादऱ्यासरशी पोटातून फुगते व दुभंगते. जेथे तुळया थेट भिंतीवरच टेकविल्या होत्या, तेथे तिच्यामागोमाग छतही आले. छताचा दोष याउपर आहेच, पण तो जन्मजात नव्हे: दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी नवी माती पसरली गेली, जुनी तशीच राहिली, आणि थर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेला.

केवळ हलके छप्पर हीच सुरक्षिततेची कसोटी मानली, तर ढोकीच्या साखर कारखान्याने गळीत हंगामात पाहिलेली ऊसतोड मजुरांची कोपी ही या प्रदेशातील सर्वोत्तम वास्तू ठरेल! तसे कोणी म्हणत नाही.

उलट पक्षी, माळवदाचे कैवारीही निर्दोष नाहीत. गारव्याचे आणि पूर्वजांच्या शहाणपणाचे गोडवे गाताना ते भिंतीच्या पोटाकडे पाहत नाहीत. मृतांच्या संख्येपुढे असले स्मरणरंजन अशोभनीय ठरते.

पुनर्वसनात ५२ गावे अन्यत्र हलविली गेली. रुंद रस्ते व काटकोनी आखणी यांत सोपा, चौक आणि जनावरांची जागा यांचा विचार तोकडा पडला. घराशेजारी मागाहून उठलेल्या पत्र्याच्या शेडी त्याचीच साक्ष देतात. याच कार्यक्रमात, जी घरे मोडावयाची नव्हती त्यांच्यासाठी दुरुस्तीचे मार्गही सांगितले गेले: भिंतीत आरपार बांधणारे घटक बसवावेत, खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरके आधार द्यावेत, मातीचा थर कमी करावा. नव्या वसाहतींच्या तुलनेने या शिफारशींची चर्चा फारच थोडी झाली. वास्तविक माळवदाची खरी समीक्षा त्यांतच होती. कारण त्यांनी घराचा कोणता भाग राखावा आणि कोणता बदलावा, हे वेगवेगळे करून सांगितले. त्यांतील पहिली दोन कामे कुशल गवंडी-सुताराची आहेत. तिसऱ्यासाठी नवी माती टाकण्यापूर्वी जुना थर खरवडून उतरवणे पुरे, आणि ते घरच्या माणसांना खोऱ्याने करता येते.