अक्षरी रक्कम

यंत्रमानवांच्या शर्यतीशी माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाचा संबंध येण्याचे काही कारण नाही. पण भाचा नववीत आहे. त्याच्या चौकडीने तीन महिने खपून एक रोबोट केला आणि ज्या स्पर्धेत तो उतरणार, तिची नियमपुस्तिका ‘मामा, तुम्ही बँकेत रोज फॉर्म वाचता ना?’ म्हणून माझ्यापुढे टाकली.

चोवीसच्या चोवीस पाने वाचली. पुस्तिकेत रहस्यकथेचा गुण आहे, एवढे मान्य केलेच पाहिजे. नियम 7 म्हणतो, ‘चेंडू वर्तुळात गेल्यास 10 गुण.’ गेल्यास म्हणजे किती? रेषेवर बसला तर? टेनिसमध्ये रेषेला शिवलेला चेंडू आत, बास्केटबॉलमध्ये बाहेर. इथे रेषा कोणाच्या बाजूची, ते शेवटपर्यंत कळत नाही. नियम 12 : ‘वरील अट मोडल्यास संघ बाद.’ वर अकरा अटी आहेत! ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य मात्र पाच ठिकाणी आहे आणि पाचही ठिकाणी शुद्ध.

खरा घोटाळा उंचीचा. नियम 4 मध्ये अक्षरी ‘तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी’, आणि पान 11 वरच्या आकृतीत अंकी 25. पोरांचा रोबोट 29 चा.

मी खुशीत आलो. म्हटले, ‘अरे, हे आमचेच खाते! चेकवर अक्षरी आणि अंकी रक्कम जुळली नाही, तर अक्षरी खरी. 1881 चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, कलम 18. तीस म्हणजे तीस!’

‘मामा, पंच बँकेत नसतात,’ भाचा म्हणाला.

त्याने मला अमेरिकेतल्या ‘फर्स्ट रोबॉटिक्स काँपिटिशन’ची पुस्तिका दाखवली. तीत स्पष्टीकरणे निळ्या चौकटीत वेगळी काढतात, आणि चौकट व नियम यांत तफावत पडली तर नियम खरा, हे आधीच सांगून ठेवतात. चुका काय, त्यांच्याही होतात. पण मोसमभर दुरुस्त्या निघत राहतात. आमच्या संयोजकांना फोन केला तर म्हणाले, ‘पंच बघून घेतील.’ म्हणजे लिहिणाऱ्याने जे काम टाळले, ते शिट्टीवाल्याने करायचे आणि भोगायचे पोरांनी.

शेवटी पोरांनी धोका नको म्हणून करवत घेतली. डोक्याकडचे चार सेंटिमीटर कापले. त्याबरोबर हाताची उचल कमी झाली आणि वरच्या फळीवरच्या चेंडूवर, म्हणजे वीस गुणांवर, पाणी सोडावे लागले. भाचा त्या रात्री जेवला नाही. ताई माझ्याकडेच रागाने बघत होती, जणू आकृती मीच काढली होती.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी शुद्धिपत्रक आले : ‘आकृतीत 25 ऐवजी 30 वाचावे.’ अक्षरीच खरी निघाली! खाली सही होती, शिक्का होता, आणि तारीख फेब्रुवारी 30.